उलट्या बाजूच्या गाठी

अठ्ठेचाळीस वर्षं ज्या बाईच्या हातचं खातोय ती कुठल्या हाताची आहे, हे मला गेल्या गुरुवारी कळलं. तेही तिनं आपणहून सांगितलं नाही. शंभरच्या लेन्सनं सांगितलं.

माझा धंदाच बघण्याचा. बेळगावचं शहापूर, वडगाव, पार काकतीपर्यंत लग्नाचे फोटो काढायला जातो. नवरीच्या डोळ्यातलं पाणी गालावर उतरायच्या आत पकडतो, असं मीच चारचौघांत सांगत असतो. दारावर 'युवराज फोटो' असा हातभर अक्षरांचा बोर्ड आहे. गुरुवारी दुपारी त्या बोर्डाकडं बघायची मला लाज वाटली.

सुरुवात रचनाच्या फोनमुळं झाली. ही बाई बेंगळुरूला जुन्या हातमागाच्या कापडांचं प्रदर्शन भरवते. आमच्या पुढच्या खोलीत काचेच्या फ्रेममध्ये एक तांबडं लुगडं आहे, त्याची खबर तिच्यापर्यंत कशी पोचली देव जाणे. ते लुगडं आप्पांचं. आप्पा म्हणजे माझे वडील, मारुतीराव. १९८१ साली बेळगावच्या एका प्रदर्शनात त्याला पहिलं बक्षीस मिळालं आणि तेव्हापासून शहापुरात विणकाम म्हटलं की मारुतीरावांचा हात, असं होऊन बसलं. आप्पा जाऊन आठ वर्षं झाली. भिंतीवर वर हार घातलेले आप्पा आणि खाली त्यांचं लुगडं, अशी आमच्या घराची शोभा.

"साडी अख्खी नकोच आहे मला," रचना म्हणाली. "धागा हवाय. अगदी जवळून. सहा फुटांचे प्रिंट लावणार आहे. बघणाऱ्याला एकेक तंतू दिसला पाहिजे. आणि खाली विणकराचं नाव. दोन्ही गुरुवारी संध्याकाळपर्यंत पाठवा, शुक्रवारी छपाईला जातंय."

मी हो म्हटलं. खरं तर त्या लुगड्याचं आणि माझं कधीच जमलं नाही.

मी डावरा. लहानपणी ताटात डावा हात गेला की आई पळीचा दांडा त्यावर हाणायची. "उजव्या हातानं खा रं!" हे वाक्य मी जितक्यांदा ऐकलं तितक्यांदा स्वतःचं नावसुद्धा ऐकलं नसेल. खायला उजवा शिकलो. मागावर मात्र डावाच चालायचा. सोळाव्या वर्षी आप्पांनी मला मागाच्या खड्ड्यात बसवलं. दीड वर्षात हात बसत आला होता, आडवा धागा नेणारा धोटा सरळ जायला लागला होता, कापडाला सरळ काठ येत होता. मला ते आवडायचं, हे आता सांगायला हरकत नाही. आणि एके दिवशी सकाळी आप्पांनी माझ्या हातातला धोटा काढून घेतला.

"ऊठ," म्हणाले. "डाव्या हाताला माग न्हाय."

मी कारण विचारलं. त्यांनी भिंतीवरच्या लुगड्याकडं बोट केलं. "ह्याला हात म्हणत्यात. तुझ्यात न्हाय त्यो." एवढं बोलून बाहेर निघून गेले.

मी कॅमेऱ्याकडं वळलो. कॅमेऱ्याचं बटणही उजव्याच बाजूला असतं, डावऱ्यांसाठी कॅमेरा करायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. पण निदान कॅमेरा मला ऊठ म्हणाला नाही. आप्पांशी मात्र मी त्यानंतर तेवीस वर्षं नीट बोललो नाही. पाणी दिलं, औषध दिलं, शेवटी खांदा दिला. बोललो तेवढं नाही. आणि त्या लुगड्यासमोरून जाताना मान नेहमी दुसरीकडं.

आता त्याच लुगड्याचा धागा न् धागा मला मोठा करून दाखवायचा होता. नशीब म्हणतात ते हेच.

बुधवारी मी खडेबाजारात भरमाण्णाकडं गेलो. भरमाण्णा साठीचा आहे, माडीवरच्या एका खोलीत कॅमेरे दुरुस्त करतो, लेन्स भाड्यानं देतो, विकतो आणि फुकट सल्ले देतो. सल्ले सगळ्यात जास्त.

"मॅक्रो पायजे," मी म्हटलं. म्हणजे बारीक वस्तू अगदी जवळून टिपणारी लेन्स.

"काय काढतोस? मुंगी का माशी?"

"लुगडं."

"लुगडं मोबाइलात बी मावतंय की रं."

"धागा काढायचाय, अण्णा."

मग तो जरा सरळ बसला. माझ्याकडं पन्नासची लेन्स होती, तिच्यामागं जवळचं टिपायच्या रिंगा लावून भागवावं असा माझा विचार. त्यानं तो एका शब्दात उडवून लावला. "कापड सपाट असतंय. रिंगा लावलास तर मधलं झक्क येईल आणि कडंला सगळं पातळ आमटीगत. सपाटाला खरी मॅक्रोच पायजे, ती कोपऱ्यापतूर साफ दावती."

त्यानं कपाटातून दोन लेन्स काढून समोर ठेवल्या. एक साठ मिलिमीटरची, मुठीत मावेल एवढी. दुसरी शंभरची, चांगली दणकट.

"दोन्ही एकास एक करत्यात. म्हंजे वस्तू जेवढी असंल तेवढीच आत उतरती. फरक अंतराचा. साठची कापडापासनं चार बोटांवर न्यावी लागती, तवा तुझी तुलाच सावली आडवी येती. शंभरची वीतभर लांब ऱ्हाऊन त्येच दावती."

"मग साठची कोण घेतं?"

"ज्याची मान दुखती त्यो. हलकी हाय." तो हसला. "दोन्ही घिऊन जा. घरात काढून बघ आणि उद्या एक परत आण. लेन्स आणि जावई, घरात आल्याबिगर कळत न्हाय."

गुरुवारी सकाळी माझी बायको मंजुश्री निपाणीच्या बसला गेली. ती तिथं शाळेत शिकवते. घरात मी आणि आई. आई म्हणजे रुक्माबाई, सत्तरी ओलांडलेली, सोप्यात तांदूळ निवडत बसली होती. मी स्टुलावर चढून फ्रेम उतरवायला लागलो तशी तिनं मान वर केली.

"ते कशाला काढालास?"

"फोटो काढायचेत. बेंगळुरूला पायजेत."

"काचंवरनं काढ की."

"काचेवरनं काचच येती, आई."

"मग उलगडू तरी नको. चाळीस वर्षांचं जुनं हाय. घडीवर फाटंल."

मी फ्रेमचे खिळे काढले, लुगडं टेबलावर घेतलं आणि हळूच उलगडलं. चव्वेचाळीस वर्षं पदराची एक बाजू तेवढी जगानं पाहिली होती. आता पहिल्यांदा उलटी बाजू उजेडात आली. आई सूप तिथंच ठेवून उठली आणि स्वयंपाकघरात गेली. धूळ उडाली म्हणून गेली, असं मला वाटलं.

लुगड्याला हात घालण्याआधी लेन्स तपासावी म्हणून मी आईच्या डब्यातनं जुना पांढरा रेशमी धागा घेतला, तो तोडला आणि दोन टोकं विणकराच्या गाठीनं बांधली. ताण्याचा, म्हणजे उभा धागा तुटला की मागावर बसलेला माणूस जागच्या जागी बांधतो ती ही गाठ. बारीक असते, फणीतनं सहज जाते, मागं दोन शेपटं ठेवते. एकतीस वर्षांनी बांधली. डाव्या हाताची बोटं विसरली नव्हती, आणि ती विसरली नाहीत ह्याचाच मला राग आला.

काळ्या फडक्यावर ती गाठ ठेवून आधी साठची लावली. भरमाण्णा म्हणाला तसंच झालं. लेन्स इतकी जवळ न्यावी लागली की माझीच सावली गाठीवर. दिवा इकडं सरकवला, तिकडं सरकवला, सावली काही हटेना. मग शंभरची लावली. स्टँडवर कॅमेरा, बटणाला हात न लावता टायमर, श्वासही रोखून धरलेला. लॅपटॉपवर गाठ उघडली तर जणू जाडजूड दोरखंडच. शंभरचीच ठेवायची हे ठरलं.

मग लुगडं. उलट्या बाजूवर एक बारीक गाठ दिसली, तिच्यावर लेन्स धरली, टायमर लावला. फोटो लॅपटॉपवर उघडला आणि मला वाटलं, मी चुकून मघाचाच फोटो उघडला.

पण मघाचा धागा पांढरा होता. हा तांबडा.

मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. तोच वळसा. तोच फास. दोन्ही शेपटं त्याच बाजूला कललेली. उजव्या हाताच्या माणसानं बांधलेल्या गाठीचा वळसा एका बाजूनं जातो, डावऱ्याचा आरशात बघितल्यासारखा उलटा. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, कारण अख्ख्या गल्लीत उलटी गाठ फक्त माझीच असायची आणि पोरं त्यावरून मला चिडवायची.

मी दुसरी गाठ शोधली. तीही तशीच. तिसरी, चौथी. लुगडं सरकवत सरकवत मी अकरा गाठींचे फोटो काढले. अकराच्या अकरा डाव्या.

क्षणभर, देवाशपथ सांगतो, माझ्या मनात आलं की हे लुगडं मीच विणलं. पण एक्याऐंशी साली मी चार वर्षांचा होतो, चड्डीची नाडी बांधता येत नव्हती.

मी कपाटातनं आप्पांचं उपरणं काढलं. ते त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत स्वतःसाठी विणलं होतं. त्यातली एक गाठ शोधली, तिचा फोटो घेतला. उजवी. दुसरी बघितली, तीही उजवीच. मी खुर्चीत बसलो आणि भिंतीवरच्या हारातल्या माणसाकडं बघत राहिलो. ह्या घरात दुसरं डावरं माणूस होतं कोण? आजी तर माझ्या जन्माआधी गेलेली. आत्या नव्हती, काका नव्हते.

टेबलावर मघाच्या पांढऱ्या धाग्याची कांडी पडली होती. ती उचलून मी स्वयंपाकघराच्या दारात गेलो. आई पाठमोरी, चुलीवरच्या आमटीत पळी फिरवत होती. उजव्या हातानं.

"आई, धर!" मी ओरडलो आणि कांडी फेकली.

ती गर्रकन वळली. कांडी तिनं हवेतल्या हवेत झेलली. डाव्या हातानं.

आम्ही दोघंही त्या हाताकडं बघत राहिलो. मग एकेक आठवायला लागलं. पेला पडला की तिचा डावा हात आधी धावायचा. न्हाणीत विंचू निघाला तेव्हा चप्पल तिनं डाव्या हातानं हाणली होती. मांजर अंगावर आलं तेव्हाही डावाच. हे सगळं माझ्यासमोर घडलं होतं आणि मी, फोटोग्राफर, बघत होतो.

"लुगडं तू विणलंस," मी म्हटलं.

तिनं कांडी कट्ट्यावर ठेवली. पदरानं हात पुसले, आधी डावा, मग उजवा.

"व्हय."

"आणि आप्पा?"

"त्या साली त्यास्नी कावीळ झालती. दीड महिना आंथरुणावर हुते. ताणा मागावर चढलेला, प्रदर्शन तोंडावर आलेलं. मी दार लावून घेतलं आणि बसले."

"तुला माग कुणी शिकवला?"

"माझ्या बानं, वडगावात. लगीन ठरलं तवा बा म्हणाला, त्या घरात डावा हात दावू नको. डावरीच्या हातचं लुगडं नवरीला चालत न्हाय म्हणायचे तवा लोक. यापारी उचलायचे न्हाईत."

"म्हणून बक्षीस आप्पांनी घेतलं."

"माझ्या नावानं कुणी दिलं असतं व्हय?"

"आणि त्याच्या पुढची लुगडी? ज्यांच्यासाठी लोक कोल्हापुरातनं यायचे?"

"चांगली चांगली माझी. तू शाळेत गेलास आणि दुपारी गल्ली झोपली की दार लावून बसायची. त्यांचा हात बी चांगला हुता." तिनं कट्ट्यावरची कांडी बाजूला सरकवली. "चारचौघांगत हुता."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. चारचौघांसारखा! त्या चारचौघांसारख्या हाताच्या माणसानं मला ह्याच लुगड्याकडं बोट दाखवून उठवलं होतं. डाव्या हाताला माग नाही म्हणाला, आणि डाव्या हाताच्याच कापडावर आयुष्यभर मान ताठ करून फिरला. मी पुढच्या खोलीत आलो, स्टूल ओढलं, चढलो आणि हारासकट आप्पांचा फोटो धरला.

"चोर!" मी म्हटलं. "हा फोटो आता ह्या भिंतीवर राहत नाही."

"त्याला हात लावू नको." आई दारात उभी होती. तिचा आवाज चढला नव्हता, पण मी थांबलो. "तुला मागावरनं उठवलं ते त्यांनी न्हाय."

"मग कुणी?"

"मी."

मी स्टुलावर तसाच उभा. फोटोची चौकट हातात, हाराचं सूत बोटांत अडकलेलं.

"नागोजी यापारी आलता," आई म्हणाली. "भिंग लावून कापड बघायची सवय हुती त्याला. तुझ्या मागावरचं कापड बघितलं आणि म्हणाला, मारुतीराव, ही गाठ वळखीची वाटती की वो, कुठं बघितली बरं? मी दाराआड हुते. एका घरात दोन डाव्या गाठी बघितल्या असत्या तर त्यानं दुसऱ्या दिशी गल्लीभर केलं असतं. लुगडी परत आली असती. बक्षीस बी गेलं असतं आणि अब्रू बी."

"आणि आप्पा?"

"ते न्हाय म्हणत हुते. पोराचा हात बसलाय म्हणाले. तुझ्यापरीस बी चांगला हुईल म्हणाले." तिनं दाराला हात टेकला. "मी पाय धरले त्यांचे. म्हटलं, त्याला उठवा. काय बी सांगा, पर उठवा. त्या दिशी ते जेवले न्हाईत."

मी खाली उतरलो. फोटो परत खिळ्याला अडकवला की नाही तेही मला आठवत नाही. अडकवला असणार, कारण नंतर तो तिथंच होता.

"तेवीस वर्षं," मी म्हटलं. "तेवीस वर्षं मी त्या माणसाशी बोललो नाही. तू बघत होतीस. ते मरायला टेकले तेव्हा तरी सांगायचंस!"

आईनं मान खाली घातली. तिचं पुढचं वाक्य मी आयुष्यात विसरणार नाही.

"तू त्यांच्यावर रागावायचास," ती म्हणाली, "तवा मला बरं वाटायचं. माझ्यावर न्हाईस म्हणून."

मी दोन्ही लेन्स पिशवीत टाकल्या, लॅपटॉप घेतला, आणि लुगडं टेबलावर तसंच उघडं टाकून स्कूटर काढली.

भरमाण्णाच्या दुकानाचा जिना चढत होतो तेवढ्यात रचनाचा फोन आला. "फोटो झाले का? आणि नाव पाठवा ना मेसेजवर. मारुतीराव, बरोबर? मी ते लिहूनच ठेवलंय, तुम्ही फक्त हो म्हणा."

"पाच मिनिटांत कळवतो," मी म्हटलं.

एक 'हो' टाइप करायचं. दोन अक्षरंसुद्धा नाहीत. आप्पांचं नाव राहिलं असतं. तेवीस वर्षांच्या माझ्या मुकेपणाची तेवढी तरी भरपाई. आणि आईला तिच्याच करणीची फळं. चव्वेचाळीस वर्षं लपवलंस ना, मग राहा लपलेलीच. खरं सांगतो, त्या जिन्यावर मला हे फार गोड वाटलं.

भरमाण्णानं मी काही बोलायच्या आत लॅपटॉप उघडला. त्याला फोटो बघायची खोड आहे. दोन्ही गाठी पडद्यावर शेजारी शेजारी तशाच होत्या.

"झकास! शंभरची हाय न्हवं ही? मी सांगितलं हुतं." मग तो वाकून बघायला लागला. "एकाच माणसानं बांधल्यात जणू. कुणाच्या ह्या?"

"पांढरी माझी."

"आणि तांबडी?"

तो माझ्या तोंडाकडं बघून पुढं विचारायचा थांबला आणि बोलायला म्हणून बोलला, "उलटी गाठ हाय रं ही. डावऱ्याला शिकवायची म्हंजे उजव्या माणसाला अवघड. तुला कुणी शिकवली?"

"आप्पांनी," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता मला ते दिसलं.

गल्लीतली बाकीची पोरं बापाच्या शेजारी बसून शिकायची. आप्पा माझ्यासमोर बसायचे, गुडघ्याला गुडघा लावून. "आरशात बघितल्यागत कर," म्हणायचे. मी घाबरून उजवा हात पुढं केला की ते हळूच तो बाजूला सारायचे. "त्यो न्हाय. ह्यो." आणि माझ्या डाव्या हातावर थाप मारायचे. त्या घरात माझ्या डाव्या हाताला कुणी कधी मारलं नसेल तर ते त्यांनी. एवढं मी विसरून गेलो होतो. लक्षात ठेवलं होतं ते फक्त 'ऊठ'.

भरमाण्णाच्या स्टुलावर बसून मी रडलो. अठ्ठेचाळीस वर्षांचा बाप्या, खडेबाजारात, भर दुपारी. भरमाण्णानं खिडकी लावून घेतली आणि एका बिघडलेल्या फ्लॅशचे स्क्रू उगाच काढत बसला.

मग मी फोन घेतला. राग गेला नव्हता. तो अजूनही गेलेला नाही. पण खोटं नाव पाठवलं असतं तर मीही तिच्यासारखाच दार लावून बसलो असतो, आणि ते दार पुन्हा आप्पांच्याच नावानं. मी लिहिलं: 'विणकर रुक्माबाई मारुतीराव, शहापूर.' पाठवलं. रचनाचा लगेच उलटा फोन आला, मी उचलला नाही. अकरा गाठींचे फोटोही तिथूनच पाठवून दिले.

"कुठली ठेवतोस?" भरमाण्णानं विचारलं.

"शंभरची. ही साठची घे परत."

घरी आलो तेव्हा अडीच वाजले होते. लुगडं आईनं घडी करून ठेवलं होतं, उलटी बाजू वर करून. दोन ताटं मांडली होती. तीही जेवली नव्हती.

"नाव दिलं," मी म्हटलं. "तुझं."

तिनं डोळे मिटले. "गल्ली काय म्हणंल?"

"म्हणू दे."

"आणि त्यांचं?"

"तुझ्या नावामागं आहे."

माफी तिनं मागितली नाही आणि मीही दिली नाही. ताटात ज्वारीची भाकरी होती, वांग्याची भाजी होती. मी पाटावर बसलो, तिच्याकडं सरळ बघितलं आणि डाव्या हातानं भाकरी मोडली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

आईचं तोंड उघडलं. "उजव्या..." एवढं सवयीनं बाहेर पडलं आणि ती थांबली. तिच्या उजव्या हातात पळी होती, तीच जुनी, दांडा वाकलेली. तिनं पळीकडं बघितलं, माझ्या हाताकडं बघितलं. वाढायला डावा हात लावायचा नाही, हे आमच्याकडं पोराटोरांनाही ठाऊक असतं.

तिनं पळी डाव्या हातात घेतली आणि माझ्या ताटात आमटी वाढली. एक थेंबही बाहेर सांडला नाही.